रिकाम्या गावातलं साक्षरता शिबिर

बीडच्या स्टँडवर शिरूरच्या एसटीची वाट बघत कॉलेजच्या दोन मुली माझ्या मागच्या बाकावर बसल्या होत्या.

"धनश्री, शिबिरात तू विद्यार्थी प्रतिनिधी झालतीस म्हणं?"

"झालते की. शिबिर आमच्याच गावात होतं, म्हणून सरांनी मलाच केलं."

"साक्षरतेचं ना? लई लोक आले असतील."

"कुठून येतील? सारं गाव ऊसतोडीला गेलंय. घराघराला कुलपं."

"मग शिकवलं कुणाला?"

"आमीच आमाला. निम्मे स्वयंसेवक झाले, निम्मे गावकरी."

"अन् तू?"

"मला ऊसतोड बाई केलं. सर म्हणले, तुला सांगायची गरज न्हाई, घरीच बघतीस. मग डोक्यावर पदर घेतला अन् पाटीवर 'अ' गिरवला. आपल्या वर्गातल्या संस्कृतीनं हात धरून शिकवलं. तिला उत्कृष्ट स्वयंसेविकेचं बक्षीस बी मिळालं."

"अन् प्रतिनिधीला काय?"

"अहवालावर सही करायचा मान. ती केली. मग सरांनी शिकलेल्या बायांची यादी पुढं सरकवली, त्यात माझं बी नाव. तिथं बी सही करायला लागले, तर हातातला पेनच काढून घेतला."

"कावून?"

"म्हणले, ऊसतोड बाई कुठं सही करती का? अंगठा दे."