संगणकाचे संरक्षण कोणी बंद केले याबाबत

मी, बाजारात ‘कुलूपकाका’ या नावाने ओळखला जाणारा, वय ६८ वर्षे, धंदा कुलूपदुरुस्ती व किल्ल्या बनवणे, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर झालो असून समक्ष सांगतो की,

वरील ठिकाणी मी, माझी सून व शाळेत जाणारी नात असे राहतो. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. सून घरी बसून संगणकावर भरतकामाचे नमुने काढते व शिवणकाम करणाऱ्या बायकांना विकते. घरात संगणक एकच आहे. त्यात तिचे नमुने आणि नातीचे जन्मापासूनचे फोटो होते.

काल मी याच ठाण्यात तक्रार दिली की, संगणकातील सर्व काही कोणीतरी कुलूपबंद केले असून उघडून देण्यासाठी पैसे मागत आहे, व माझा संशय सुनेवर आहे. कारण असे दिले की, कुलूप फोडलेले नसेल तर किल्ली ज्याच्याकडे त्याच्याकडे बघावे, आणि पासवर्ड तिने ठरवलेला आहे. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना जन्मभर ऐकवत आलो आहे. काल दुकानात दोन गिऱ्हाइकांसमोर सुनेचे नाव घेऊनही ऐकवले. त्या वेळी ती जिन्यात उभी होती, हे मला दिसत होते.

आता खरी हकीकत अशी. मध्यंतरी सुनेने संगणकात अँटिव्हायरस बसवला. माझ्यासाठी तो मराठीत करून घेतला व अक्षरे मोठी केली. मला शेजारी बसवून म्हणाली, “बाबा, यात तुम्ही काहीच करायचं नाही. कोपऱ्यात हिरवी खूण दिसली की निर्धास्त. लाल झाली की मला हाक मारा. बस्स, एवढंच.” मी म्हणालो, “इतकं सोपं असेल तर त्याला कुलूप कशाला म्हणायचं?” ती हसून म्हणाली, “सोपं तुमच्यासाठी आहे हो, चोरासाठी नाही.”

परवा दुपारी सून नातीला शाळेतून आणायला गेली असता मी संगणकावर बसलो होतो. जुन्या तिजोऱ्यांच्या आतल्या रचनेची चित्रे फुकट मिळतील, असे एका ठिकाणी दिसले. ती उतरवून घेऊ लागलो तेव्हा खूण लाल झाली व अँटिव्हायरसने अडवले. पुन्हा केले, पुन्हा अडवले. माझे डोके फिरले. माझ्याच घरात मला अडवणारा हा कोण, असे वाटले. खुणेवर दाबले तर ‘संरक्षण बंद करा’ असे आले. किती वेळासाठी, असे त्याने विचारले: दहा मिनिटे, एक तास की कायमचे. मी ‘कायमचे’ निवडले. तात्पुरते काम मी आयुष्यात केलेले नाही. मग ‘तुमची खात्री आहे का?’ असे आले. मी ‘होय’ दाबले.

अक्षरे मोठी होती, चष्मा डोळ्यांवर होता. कळले नाही, असे मला म्हणता येत नाही. सुनेला हाक मारायची होती, ती येईपर्यंत थांबायचे होते. कुलपाच्या बाबतीत सुनेला विचारायचे, हे मला कमीपणाचे वाटले.

मग ती चित्रे संगणकात उतरली, पण काही उघडली नाहीत. मी खाली दुकानात निघून गेलो. संध्याकाळी सून कामाला बसली तेव्हा पडद्यावर पैशांच्या मागणीचा मजकूर होता.

काल तक्रार देताना हे मला आठवत नव्हते, असे लिहून घ्या, असे मी आज सुरुवातीला म्हणालो. ते खोटे आहे. आठवत होते.

तक्रारीवरून हवालदार घरी आले. संरक्षण बंद दिसल्यावर त्यांनी सुनेला खडसावले, “अहो ताई, लहान मूलसुद्धा सांभाळेल इतकी सोपी गोष्ट. कुणी बंद केलं हे?” सुनेने कोपऱ्यातल्या खुणेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “माझ्याकडूनच राहून गेलं असेल.” मी तिथेच उभा होतो. नात दारात होती. तिला आत जा म्हणालो, ती गेली नाही.

सुनेचे सगळे नमुने गेले, हेदेखील मला हवालदारांच्या प्रश्नांतून कळले. तिने माझ्यासमोर त्याचा उच्चार केला नाही व मी विचारले नाही. आज सकाळी नेहमीप्रमाणे तिने चहा दिला. तिला जबाबासाठी बोलावणे होते, मी बरोबर येतो म्हणालो. तिच्याच स्कूटरवर मागे बसून आलो. तिच्या आधी माझा जबाब घ्यावा, असे मी साहेबांना सांगितले.

सुनेवर घेतलेला संशय मी मागे घेत आहे. ‘गैरसमजातून घेतला’ असे लिहू का, असे साहेबांनी विचारले. तसे लिहू नये. गैरसमज नव्हता. मला लाज वाटत होती, ती मी तिच्या अंगावर ढकलली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे. दार उघडे ठेवून तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचावा, अशी विनंती मी केली, कारण बाहेर बाकावर सून बसली आहे. त्याप्रमाणे वाचला. दुसऱ्या वेळीही मी एक शब्द बदलायला सांगितला नाही.