लेदर विकायला आलेला जर्मन

अरे, आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यात आम्ही गाड्यांच्या सीट बनवतो ना, तिथे एक जर्मन साहेब लेदर विकायला आलेला. म्हणाला, ‘हात लावून बघा, लोण्यासारखं आहे!’ मोठी ऑर्डर जवळजवळ पक्की झालेली. मग जेवायला मी त्याला माझ्या गाडीतून कल्याणला नेलं. तो बसला आणि सीट चरचरली.

‘नवी गाडी वाटतं? सीटवर अजून प्लास्टिक आहे.’

‘छे! चार वर्षं झाली.’

‘मग काढणार कधी?’

मी अभिमानाने म्हटलं, ‘गाडी विकताना. आतली सीट अजून कोरी आहे!’

कल्याण आलं. उतरताना घामाने प्लास्टिकला चिकटलेली पँट सोडवत तो म्हणाला, ‘लेदरचं राहू दे. हे प्लास्टिक तुम्हाला कोण पुरवतं?’