वेदीवरून नाव

(नॉकेनी, आयर्लंड. सेंट जॉनच्या सणाची आदली संध्याकाळ. टेकडीच्या पायथ्याशी म्हातारी गोबनेट गवताची जुडी काठीला बांधते आहे. समोर गावचे तरुण फादर.)

गोबनेट : पाय उचला, फादर. गवतावर उभे आहात.

फादर : गोबनेटबाई, आज मशाल घेऊन टेकडीवर कुणी जायचं नाही. सगळ्या गावानं ऐकलं माझं.

गोबनेट : ऐकलं कुठलं! घाबरलं.

फादर : सेंट जॉनसाठी दारात जाळ करा की. एका परीसाठी या वयात टेकडी कशाला चढता?

गोबनेट : श्श! तो शब्द नको. ‘भली माणसं’ म्हणावं.

फादर : भिता त्यांना, आणि वर भली म्हणता?

गोबनेट : तुम्हाला नाही का ‘फादर’ म्हणत? माझ्या नातवाच्या वयाचे तुम्ही.

फादर : बाई, जीभ आवरा.

गोबनेट : आवरून आवरूनच तर ही वेळ आली. पणजी सांगायची, या टेकडीची ती देवी होती. गाईला दूध, शेताला दाणा, सगळं तिच्या हातचं. मग तुमचे लोक आले. देवी म्हणायची चोरी झाली, म्हणून राणी म्हटलं. तेही खुपलं, तर टेकडीतली बाई. आणि परवा शाळेत इंग्रजांच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं पोरींना. अंगठ्याएवढी, पाठीला माशीचे पंख! मेल्यांनी फुलात बसवली तिला!

फादर : झाली ना एवढीशी? मग सोडा आता.

गोबनेट : ती कशाला होईल? टेकडी बघा, आहे तेवढीच आहे. एवढेसे झालो ते आम्ही.

फादर : स्पष्टच सांगतो. गेलात, तर रविवारी वेदीवरून तुमचं नाव वाचेन. मग शेजारी कुणी बसणार नाही. मेलात तर खांद्यालाही कुणी येणार नाही.

गोबनेट : भीती वाटते हो. त्याच चर्चमधून नवऱ्याला खांद्यावर नेलं माझ्या... पण वाचाल काय?

फादर : हेच, की गोबनेट मशाल घेऊन टेकडीवर गेली.

गोबनेट : कुणासाठी? टेकडीवर जाणं काही पाप नाही. ते सांगावंच लागेल तुम्हाला.

फादर : टेकडीतल्या त्या आन्यासाठी.

गोबनेट : बघा, घेतलंत नाव! आम्ही नुसतं ‘ती’ म्हणतो, तेही दबकून. तुमच्या चर्चमध्ये, भरल्या गावासमोर तिचं नाव आजवर कुणी उच्चारलं नाही.

फादर : गोबनेटबाई...

गोबनेट : सरका, उजेड आहे तोवर चढते. आणि रविवारी जरा मोठ्यानं वाचा हं, फादर. मागच्या बाकांवर ऐकू येत नाही.