रालित्सा आणि दारातला चर

...आणि म्हणे नोटीस लावली होती! तुम्हाला सांगतो, जमिनीखालचे गरम पाण्याचे नळ बदलताना माणसं अडकल्याच्या कथांची आमच्या पेर्निक शहरात तीन रूपं आढळतात. पहिल्यात मोटार अडकते, दुसऱ्यात दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा अडकतो, आणि तिसऱ्यात, जे दुर्मिळ आहे आणि ज्याचा संग्राहकही मी नि कारणही मीच, शाळा संपवलेली मुलगी अडकते!

मे महिन्याची चोवीस तारीख. नात रालित्सा संध्याकाळी सातच्या निरोप समारंभाला निघालेली, निळा पायघोळ झगा, चार इंची टाचा, घरात तीस नातलग, भट्टीतून आलेलं अख्खं कोकरू, जिन्यात ढोल नि क्लॅरिनेट... आणि इमारतीचं दार उघडतो तर काय? समोर पुरुषभर खोल चर! सकाळपर्यंत त्यावर ओलांडायला एक फळी होती, तीही उचललेली! बाहेर पडायचं कुठून?

"अहो मुकादम, हे काय?"

चरातून ब्लागोय मुकादमानं मान वर केली. "आज नळ उतरवतोय, आजोबा. नऊपर्यंत दार बंद. नोटीस नाही वाचलीत?"

"कुठाय नोटीस?"

"दारावर! मी स्वतः चिकटवली."

आता आमच्याकडे दारावर काय असतं? गेलेल्या माणसांची, फोटोसकट स्मृतिपत्रकं! ती कुणी काढत नाही. वारा-पाऊस नेईल तेव्हा नेईल. या संकेतावर मी लोकसाहित्याचा प्राध्यापक म्हणून तीस वर्षं व्याख्यानं दिली आहेत. तळमजल्यावरच्या गिनका काकूंनी एका पत्रकाचा कोपरा नखानं उचलला... माझ्या बायकोला, नेवेनाला, जाऊन सहा महिने झाले, त्याचं पत्रक. खाली नोटीस! खळ मी शिजवलेली, हातही माझाच. चिकटवताना मला समोरचं काही दिसत नव्हतं. का, ते विचारू नका.

"वा प्राध्यापक! करा आता विश्लेषण!" गिनका काकू.

"तुम्हीही रोज याच दारातून जाता ना?"

"मग? नेवेनाच्या फोटोला हात लावू मी?"

बरं, बाहेर पडायचं कुठून? खिडकीतून? तळमजल्याला गज, चोरांच्या भीतीनं आम्हीच वर्गणी काढून बसवलेले! पलीकडे गाडी भोंगा वाजवतेय, आणि रालित्साचं काजळ गालावर. "आजोबा, बारा वर्षं या एका संध्याकाळसाठी अभ्यास केला मी! बाहेर पडायचं कुठून, सांगा ना!"

"रडू नकोस गं पोरी," ब्लागोय म्हणाला, "गेल्या साली माझीही मुलगी अशीच समारंभाला गेली." त्यानं शिडी लावली. ती टाचांचे बूट हातात घेऊन, झगा कवेत गोळा करून उतरली, नव्या काळ्या नळावरून अनवाणी पलीकडे झाली. शिडी तिकडे लावली, ती चढली. मैत्रिणींनी रिवाजाप्रमाणे, इयत्तेमागे एक, अशा एकपासून बारापर्यंत आरोळ्या ठोकल्या, इकडून आम्ही तिसांनीही, ढोलासकट. गाडी गेली.

"चला, आता आम्ही," मी म्हणालो.

"तुम्ही कुठे, आजोबा? शेजारच्या दारातही एक मुलगी उभी आहे."

शिडी तिकडे गेली. आम्ही वर जाऊन कोकरू खाल्लं.