कोपरा सोडू नका

—तक्रार? ती होय! ती मी मागे घेतली. केव्हा म्हणजे? आत्ता. तुमच्यासमोर. तुम्ही बसा हो दादा आधी, उन्हातून आलात. त्या खुर्चीवर नको, ती माणूस बसला की मिटते — ह्या डब्यावर बसा. आणि ती लांबडी पिशवी ठेवा की खाली, हात भरून येईल. नाही, थांबा, माझं होऊ दे. तुम्ही इथले मॅनेजर, कॅम्पची सगळी धावपळ तुमच्या एकट्याच्या जिवावर, आणि माझ्या एका तक्रारीसाठी एवढ्या लांब चालत आलात, मलाच कसंतरी वाटतंय. शेजारच्यांचा फार आवाज होतो, त्यांना दुसरीकडे हलवा, असं मी म्हणाले होते — म्हणाले होते, नाही कुठे म्हणते? — पण ते आम्ही आलो त्या दिवशी. तेव्हा मी नवीन होते. आता कुठे येतोय आवाज? हा? हा काय आवाज झाला? एक माणूस दुसऱ्या माणसाला कोपरा वर घ्यायला सांगतोय. एवढं चालायचंच.

तुम्ही त्यांना नीट बघितलंय ना? इथूनच बघा, पण एकदम मान वळवू नका, त्यांना वाटेल आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय. तो समोर हात वर करून उभा आहे ना, तो थोरला भाऊ. आम्ही त्याला भोंगा म्हणतो. त्याच्या तिरक्या कोपऱ्यात धाकटा, उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोघी जावा, आणि मधोमध खुर्ची टाकून सावलीत बसल्यात त्या भावांच्या आई. तंबू आहे पण तंबूचे दांडे नाहीत, म्हणून चौघांनी हातांनी धरलाय. सकाळचा चहा झाला की धरतात ते दिवस मावळेपर्यंत. मध्ये कुणाला जायचं असलं — जावं तर लागतंच, माणसंच आहेत — तर उरलेल्या तिघांनी सरकायचं, कुणी किती सरकायचं ह्यावरून पुन्हा भांडण. रात्री सरळ खाली सोडतात आणि सगळे मिळून अंगावर घेऊन झोपतात, चादरीसारखा. तुम्ही म्हणाल, एवढं झाड आहे शेजारी, म्हातारीला झाडाखाली बसवा की! मलाही तेच वाटलं. पण म्हातारी म्हणते झाडाखाली मुंग्या आहेत. मी स्वतः जाऊन बघून आले, औषधाला मुंगी नाही. पण आईपुढे कोण बोलणार?

घरी का जात नाहीत? अहो, जातील कसे! दांडे कोण विसरलं ते कबूल केल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं म्हातारीनं सांगून टाकलंय. भोंगा म्हणतो, दांड्यांची पिशवी मी गाडीतून उतरवली. धाकटा म्हणतो, उतरवली तर गेली कुठे, पाय फुटले? थोरली म्हणते, मी ह्या डोळ्यांनी बघितली. धाकटी म्हणते, त्या डोळ्यांना चष्मा लागलाय, वहिनी. आणि गंमत काय आहे, ह्यात खोटं कुणीच बोलत नाहीये. उतरवलेलीच होती पिशवी. निळी, कडेला थोडी उसवलेली — मला कसं माहीत? म्हणजे काय, ते ओरडतात ना! निळी, निळी म्हणून. उसवलेली पण ओरडतात. तुम्ही दुपारी असता कुठे?

आमचे हे? आत आहेत. आडवे पडलेत पण झोपलेले नाहीत, तंबूची चेन चार बोटं उघडी ठेवून तिकडेच बघतायत. जरा हळू बोलूया. हे बसस्टँडवर माईकवर होते. कुठली गाडी, कुठल्या फलाटाला, किती उशिरा — जन्मभर तेच. दिवसभर सगळ्या गावाशी बोलायचे आणि घरी आले की मूग गिळून बसायचे. मी म्हणायची, दमतात बिचारे, निवृत्त झाले की बोलतील. झाले निवृत्त. 'हं' म्हणतात. चहा देऊ? हं. मुलीचा फोन आलाय. हं. एकदा मी म्हटलं, मी आता ह्या खिडकीतून उडी मारते. हं. — तळमजल्यावर राहतो आम्ही, पण तरी! दादा, मी भांडी घासताना भांड्यांशी बोलायला लागले होते. खरंच सांगते. कुकर निदान शिट्टी तरी देतो. तर मुलीनं हा तंबू घेऊन दिला. म्हणाली, आई, तुम्ही दोघंच जा कुठेतरी मोकळ्यावर, बोला एकमेकांशी. आलो. तंबू उभा केला — हूं नाही की चूं नाही. चहा केला. हं. मला रडूच यायला लागलं, आणि नेमकी तेव्हाच ह्या लोकांची गाडी आली. दारं आपटतायत काय, ओरडतायत काय — मला इतका संताप आला! मी इथे नवऱ्याच्या एका शब्दासाठी तळमळतेय आणि ह्यांच्याकडे शब्द एवढे की नुसते सांडतायत! म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, बघतो. 'बघतो' म्हणजे काय ते मला कळतं. म्हणून मग मी —

काही नाही. म्हणून मग मी गप्प बसले.

टॉवेल? वाळलेत म्हणता? नाही हो, दमट आहेत. हात कशाला लावताय? — थांबा, जरा पाणी मारते त्यांच्यावर. आम्ही असंच करतो, वाळले की भिजवतो. धूळ बसत नाही मग. दोरी ना? ह्यांनीच बांधली. काठ्या आमच्याच. तंबूबरोबर आल्या. — आमचा तंबू बुटका आहे आणि काठ्या उंच आहेत हे मला दिसतंय, ते तुम्ही सांगायला नको. मुलीनं घेतल्या, तिला काय कळतंय तंबूतलं! आणि उगाच संशय कशाला घेताय? दांडे चोरीला गेले असं म्हणालंच कोण? — तुम्ही नाही म्हणालात? — मग मी म्हणाले का? बरं.

बरं, आता ऐकाच. पण ह्यांचं नाव घेऊ नका, ह्यांचा काही दोष नाही. ते चौघे नळावर गेले होते, पाणी कुणी भरायचं ह्यावरून भांडायला. म्हातारी तेवढी खुर्चीत पेंगत होती, डोळे मिटलेले होते, मी दोनदा बघून घेतलं. पिशवी गवतात पडलेली. मी म्हटलं, दांडे नसले की तंबू नाही, तंबू नसला की हे लोक घरी जातील, मग आपण आणि आपली शांतता. उचलली आणि पदराखाली — एवढी लांब पिशवी पदराखाली काय मावणार, पण मी धरला आपला पदर वरून. तशीच इथपर्यंत आणली. जन्मात कुणाची टाचणी घेतली नाही हो मी! आता हे काय म्हणतील? ह्यांनी पिशवीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, 'कुठे ठेवायचे?'

तुम्हाला ह्यात काही वाटणार नाही. पण प्रश्न होता तो, दादा! ह्यांनी मला प्रश्न विचारला. मला तर उत्तर द्यायची सवयच उरली नव्हती. मग दोघांनी बसून डोकं लढवलं. मी म्हटलं, गादीखाली. तर हे म्हणाले, 'सगळे नाही मावायचे, दोन बाहेर रोवू, दोरी बांधू, वर टॉवेल टाकू. लपवलेलं लोक शोधतात, समोरचं कुणी बघत नाही.' केवढं लांब वाक्य! मी मोजत होते, संपेचना. बाकीचे गादीखाली आहेत. मला टोचतात, पण हे म्हणतात पाठीला बरं वाटतं.

आणि ते लोक घरी गेलेच नाहीत! दुसऱ्या दिवशी बघतो तर चौघे हात वर करून उभे. तेव्हापासून हे बोलतायत. चेनीतून बघतात आणि माईकवर असल्यासारखं मला सांगतात — 'कृपया लक्ष द्या, धाकट्या जाऊबाई कोपरा सोडून नळाकडे रवाना होत आहेत. भोंगा आज आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा उशिरा चिडणार आहे.' हसून हसून पोट दुखायला लागलं माझं. आणि काल तर आम्ही भांडलो! हे म्हणे धाकट्याचं बरोबर. मी म्हटलं, भोंग्याचं बरोबर, पिशवी त्यानंच उतरवली होती हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तर म्हणाले, 'तू नेहमी मोठ्यानं बोलणाऱ्याची बाजू घेतेस.' नेहमी! म्हणजे इतकी वर्षं ह्यांचं लक्ष होतं माझ्याकडे. मी रुसले, पाठ फिरवून बसले, आणि मनातून इतकी खूष की काय सांगू.

त्या भावांचंही तेच. आले तेव्हा एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. बायकांच्या मार्फत ओरडायचे — 'तुझ्या दिराला सांग', 'तुमच्या नवऱ्याला सांगा'. आता चार कोपऱ्यांत उभं राहून निरोप कुणी कुणाकडे द्यायचे? सरळ बोलावं लागतं. 'कोपरा सोडू नकोस' म्हणून का होईना. सकाळी भोंगा म्हणाला, 'तुझे खांदे भरून आले असतील, जरा डोक्यावर टेकव, मी ओढून धरतो.' धाकट्यानं टेकवला. दोघी जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीचा चेहरा बघा कसा झालाय, दृष्ट लागेल.

म्हणून म्हणते, हलवू नका त्यांना. अगदी हलवायचंच असलं तर आम्हाला पण बरोबर हलवा. दांडे परत दिले तर काय होईल? तंबू उभा राहील, ते आत जातील, चेन लावून घेतील. बाहेर बघण्यासारखं काही उरणार नाही. आणि आमचे हे पुन्हा... मला आता नाही सहन होणार हो ते. आधी व्हायचं, आधी मला माहीत नव्हतं की ह्यांना येतं बोलता.

उठलात का? कुठे निघालात? — ही तुमची पिशवी? तिचं काय? हत्यारं असतील म्हटलं तुमची, नळाबिळाची. — मला द्यायची? कशाला? — मी बोलूच दिलं नाही म्हणता, अहो मग मध्ये बोलायचं ना, माणूस आहे का भिंत! सांगा. — दांडे? ऑफिसातले जास्तीचे. त्यांना द्यायला नेले होते, सकाळी, त्यांनी तंबू धरायच्या आत. बरं. चौघे नळावर. म्हातारी एकटीच. बरं मग? — घेतले नाहीत? का?

काय म्हणाल्या?

परत सांगा. जसंच्या तसं सांगा.

'हेही त्या बाईंकडेच ठेवायला द्या, आणि टॉवेल जरा जाडसर वाळत घाल म्हणावं, डावीकडचा दांडा इथून दिसतो.' — अशा म्हणाल्या?

बघतायत का हो त्या इकडे? — नाही. डोळे मिटलेत. तेव्हाही असेच मिटलेले होते.

अहो! अहो, जरा बाहेर या. आणखी आलेत. — ऐकलंत, दादा? कुठे ठेवायचे म्हणून विचारतायत. द्या ती पिशवी इकडे. आणि निघा तुम्ही आता. नाही, चहा नाही, चहा पुन्हा कधीतरी. आम्हाला जरा बोलायचंय.