मी मधेच गप्प झाले तर

हॅलो?… हो, आत्ताच आलो दवाखान्यातून. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही अजून… सांगते गं, ऐक ना… नाही, ऑपरेशन नाही. किरण द्यायचं ठरलं… मीच ठरवलं. भावजींनाही सांग, कुणी भरीस घातलेलं नाही.

हो, डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय, जन्मापासूनच असावा म्हणे. मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळून गेल्यासारखा दिसतो… हस, हस. मलाही तिथे हसू आलं.

हं… हं… तेच सांगतेय. कवटी उघडून काढला तर विषय एकदाचा संपला. पण तो बसलाय नेमका बोलण्याच्या जागेपाशी… नाही, वाचा जाईलच असं नाही म्हणाल्या. जाऊ शकते. मांडीतून नळी घालून आत डिंकासारखं काहीतरी भरतात, पण माझ्या गुंत्याला तेवढ्याने भागायचं नाही.

तोटा? आहे ना. किरणांनी तो हळूहळू बुजतो, दोन-तीन वर्षं लागतात. तोवर फुटायची धास्ती आहेच… अगं हो, नीट ऐकलं मी. ह्यांनी तर दोनदा विचारलं.

मग बाई म्हणाल्या, तुम्ही काम काय करता? म्हटलं, बस स्थानकात माइकवरून गाड्या पुकारते, आणि उरलेलं घरी येऊन बोलते. हे खाली मान घालून हसत बसले… त्या म्हणाल्या, मी स्वतः ऑपरेशनं करते, तरी तुम्हाला करा म्हणणार नाही. इतकं सरळ कोण सांगतं गं?

त्यांचे उपकार आहेतच. पण तुझे… नाही, आज बोलू दे मला. त्या दिवशी फोनवर मी मधेच गप्प झाले. दुसरी कुणी असती तर लाइन गेली म्हणून कामाला लागली असती. तू म्हणालीस, ताई गप्प बसणं शक्यच नाही. आणि ओल्या केसांनी धावत आलीस. मी आपली म्हणतेय, चक्कर असेल, पडते जरा. तू ऐकलं नाहीस, म्हणून तपासणी झाली, म्हणून कळलं. सख्खी बहीण करणार नाही ते जावेने…

…

हॅलो? आहे गं, आहे मी… काही झालं नाही. डोळे भरून आले, म्हणून थांबले… खरंच. आज मंगळवार, तू माझी धाकटी जाऊ, बोलता बोलता गॅसवर दूध ठेवलंय. बघ, सगळं येतंय बोलता… हा कसला आवाज? कुलूप लावतेस?… अगं, जिन्यात आहेस की काय?

बरं, ये. धावू नकोस. फोन कानालाच ठेव, तू येईपर्यंत मी बोलत राहते… हां, तर किरण देताना डोक्याला एक चौकट बसवतात म्हणे. ह्यांना म्हटलं, चौकटीत बसवायचं तुम्हाला जमलं नाही, आता डॉक्टर बघतील… हो, दूध उतरवलं… हो, बोलतेच आहे… बेल वाजली. ठेवते, दार उघडते.