चाकं असलेलं घर

नव्या वीज मीटरसाठी रांग होती. माझ्या पुढे दोघं बोलत होते.

“बुद्धभूषण, तू अजून इथंच? मिनीबसमध्ये घर थाटून कोकणात निघाला होतास ना?”

“निघालो होतो, नूरचाचा. बायकोला, प्रज्ञाला, समुद्र दाखवायचाय. नशिराबादला सासऱ्यांकडे थांबलो, गाडीची बॅटरी चार्ज करायला. त्यांच्या खिडकीतून वायर घेतली.”

“मग?”

“सासूबाई अडून बसल्या. जावयाची गाडी अर्धपोटी जाऊ देणार नाही, म्हणे. फुल होऊ द्या.”

“बरोबरच बोलल्या. झाली असेल एका रात्रीत.”

“कशी होईल? गावात लाईट जाते. लाईट गेली की माझ्या बॅटरीवर सासऱ्यांचा कूलर चालतो. लाईट आली की पुन्हा त्यांच्या घरून माझी बॅटरी भरायची.”

“बठ्ठा उन्हाळा? अख्खाच्या अख्खा?”

“होळीपासून. प्रज्ञा रोज गाडीतल्या खिडकीशी बसून विचारते, समुद्र कुठवर आला?”

“मग मीटर कशाला?”

“गाडीला स्वतःचं मीटर असलं की सासऱ्यांची वायर नको. पण साहेब म्हणाले, चाकं असलेल्या घराला मीटर मिळत नाही.”

“तरी रांगेत?”

“परवा चाकं काढली ना! सासऱ्यांनीच जॅक लावला. आता मीटर आलं की बॅटरी फुल. फुल झाली की लगेच निघतो.”

“आणि चाकं?”

“सासूबाईंनी माती भरून त्यांत कोथिंबीर पेरलीय. उगवली की घेऊनच निघा म्हणाल्या, समुद्रावर कुठं मिळायची?”